वाचक विचारतात: खमीर म्हणजे पापच का?

गेल्या अंकात वल्हांडणावर, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणावर, लिहिताना खमिराचा उल्लेख एका ओळीत आला होता, तेवढ्यावरून वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी इतकं काही विचारलंय की यावेळचं अख्खं सदर खमिरालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच दिली नाहीत.

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे प्रार्थनेला बाहेरून एक प्रवचनकार आले होते, ते म्हणाले बायबलमध्ये खमीर म्हणजे प्रत्येक ठिकाणी पापच, आणि ती जी बाई पिठात खमीर लपवते ती मंडळीत खोटी शिकवण घुसवणारी. मी पंधरा वर्षं आंबोळीचं पीठ करून विकते. त्या दिवसापासून पिठाच्या टोपात हात घालताना कसंतरीच वाटतं. खरंच असं आहे काय?

उत्तर: नाही, असं नाहीय. त्या टोपात बिनधास्त हात घाला.

प्रवचनकारांना मी नावं ठेवणार नाही, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात मीसुद्धा बरीच वर्षं हेच शिकवलंय. खमीर म्हणजे पाप, लिहून घ्या, पुढे चला. मग एका रविवारी चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, टीचर, मग स्वर्गाचं राज्य पापासारखं आहे असं येशू म्हणाला का? मला उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं आणि घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत एकेक अध्याय काढून बसले. त्या आधी किती मुलांना अर्धवट शिकवून मी पुढे पाठवलं त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं.

आधी खमीर म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या डोळ्यांसमोर बेकरीच्या यीस्टचं पॅकेट येतं आणि गल्लत तिथेच होते. येशूच्या काळात पॅकेट नव्हतं. आज मळलेल्या कणकेतला एक गोळा बाजूला काढून ठेवायचा, तो आंबतो, उद्याच्या पिठात तो मिसळायचा, त्यातला परत एक गोळा परवासाठी काढायचा, आणि हे असं वर्षभर चालू. आपल्याकडे ह्याच्या सगळ्यात जवळचं काय असेल तर विरजण. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात, आजचा उद्याच्या. विरजण चांगलं असेल तर दही चांगलं, विरजणाला वास लागला की रोजचं दही बिघडत जातं आणि मग एक दिवस सगळं टाकून शेजारणीकडून नवीन विरजण आणावं लागतं. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्म जीव असतात हे लुई पाश्चरनं १८५७ पासून पुढच्या प्रयोगांत दाखवलं, त्याच्या आधी हजारो वर्षं बायकांना फक्त एवढंच माहीत होतं की हे थोडंसं घालायचं, झाकून ठेवायचं, आणि सकाळी सगळं बदललेलं असतं.

माझी आई लग्नाच्या घरी फुगे, म्हणजे तळलेले गोल गोळे, करायला जायची तेव्हा ताडी घालून पीठ भिजवायची. मैदा, नारळाचं दूध, अंडी, आणि सकाळीच उतरवलेली ताडी. मोठ्या पातेल्यावर ओलं फडकं बांधून ती ते चुलीपासून हातभर लांब ठेवायची आणि आम्ही पोरं फडकं उचलून बघायला गेलो की ओरडायची, हात लावू नका गं, त्याला त्याचं काम करू द्या. फडक्याच्या वरून कान लावला तर आत बारीक फस्‌ फस्‌ आवाज यायचा. काही दिसायचं नाही. दुपारी फडकं वर उचललेलं असायचं, आतून, कोणी न उचलता.

तर खमिराच्या तीन गोष्टी झाल्या: ते दिसत नाही, ते पसरतं, आणि एकदा पसरलं की परत वेगळं काढता येत नाही. आंबलेल्या पिठातून आंबवण चमच्यानं काढून दाखवा बरं. पवित्र शास्त्रात खमिराचा दाखला जिथे जिथे येतो तिथे ह्या गुणांसाठी येतो. वाईट गोष्टही अशीच पसरते, चांगली गोष्टही अशीच पसरते. म्हणून कुठलं खमीर, कोणाचं खमीर, हे प्रत्येक ठिकाणी वाचून बघावं लागतं.

वाईट अर्थानं येतं हे खरंच आहे, ते मी लपवणार नाही. करिंथच्या मंडळीत एकानं बापाच्या बायकोशी संबंध ठेवले होते आणि मंडळी त्याचं काही वाटून घ्यायचं सोडून फुशारकी मारत होती, तेव्हा पौल त्यांना पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात खडसावतो की थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, जुनं खमीर काढून टाका, ख्रिस्त आपला वल्हांडणाचा कोकरू आहे. हीच म्हण तो गलतीकरांच्या पत्रातही वापरतो पण तिथे विषय अगदी वेगळा, ख्रिस्ती व्हायचं तर आधी सुंता कराच असा हट्ट धरणाऱ्या लोकांचा. म्हणजे बघा, एकाच म्हणीखाली एकदा सैल वागणं येतं आणि एकदा अतिकडक वागणं.

पण मत्तयच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे, एका बाईनं ते घेऊन तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं. ह्याच्या लगेच आधी मोहरीच्या दाण्याचा दाखला आहे, इवलासा दाणा आणि त्याचं केवढं झाड होतं तो. दोन्ही दाखले जोडीनं येतात, लूकमध्येही जोडीनंच येतात, आणि मोहरीचा चांगला अर्थ घेऊन खमिराचा उलटा घ्यायला काही आधारच नाही. आणि ती तीन मापं म्हणजे किती, तर अभ्यासक साधारण वीस-बावीस किलो पीठ धरतात, कोणी त्याहून जास्त धरतात. शंभरेक माणसं जेवतील एवढं! एका घरचं रोजचं पीठ नाहीच ते, ते लग्नघरचं पीठ आहे. आणि ऐकणाऱ्या यहुदी लोकांना हे माप ओळखीचं होतं, कारण उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाच्या तंबूपाशी तीन पाहुणे येतात, म्हणजे देवच येतो, तेव्हा अब्राहाम धावत जाऊन सारेला सांगतो की पटकन तीन मापं सपीट घे आणि भाकरी कर. तीच तीन मापं. येशू हे आठवूनच म्हणाला असेल असं मला तरी वाटतं.

आणि लपवलं हा शब्द. मूळ ग्रीकमध्ये खरोखर लपवणं असाच शब्द आहे, मिसळलं असा नाही. प्रवचनकार त्याच शब्दावरून म्हणाले असणार की चोरून काम करणारी बाई वाईटच. पण त्याच अध्यायात पुढे शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आहे आणि ती ठेवही स्वर्गाचं राज्यच आहे, मग तिथे लपवणं चांगलं आणि बाईच्या हातून झालं की वाईट असं कसं चालेल? खमीर आत गेल्याशिवाय कामच करत नाही. वर ठेवून उपयोग काय त्याचा?

एकच वस्तू बायबलमध्ये दोन्ही अर्थांनी येते ह्यात नवल काही नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो, आणि प्रकटीकरणात ख्रिस्त यहूदा वंशाचा सिंह आहे. एदेन बागेतला साप हव्वेला फसवतो, आणि रानात मोशे पितळेचा साप खांबावर टांगतो तेव्हा त्याच्याकडे बघणारे वाचतात, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतःची तुलना त्याच सापाशी करतो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाती ह्यानं मग्नेशियाच्या मंडळीला लिहिलंय की जुनं आंबून गेलेलं खमीर टाका आणि नव्या खमिरात बदलून जा, ते नवं खमीर म्हणजे येशू ख्रिस्त. इतक्या जुन्या काळच्या माणसाला ख्रिस्ताला खमीर म्हणताना काही वाटलं नाही. आणि अगदी अलीकडे, १९६४ साली कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं तुमच्याआमच्यासारख्या प्रापंचिक लोकांबद्दल म्हटलंय की त्यांनी जगात राहून खमिरासारखं आतून जग पवित्र करावं. बाजारात पीठ विकणारी बाई ह्यात पहिली येते.

प्रश्न: मी अलिबागजवळचा. आमच्या आळीत पूर्वी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, कुटुंबं होती, आता एखाददुसरं घर उरलंय. आजी सांगायची की त्यांच्या एका सणाला ते आंबट काही खात नसत. तो हाच बेखमीर भाकरीचा सण का? आणि फक्त घाईत निघाले म्हणून एवढा कडक नियम?

उत्तर: आजीचं बरोबर आहे, तोच सण. आणि तुमच्या पत्रानं मला खरंच आनंद झाला, कारण आपण कोकणातले ख्रिस्ती लोक जुना करार वाचतो तो दूरदेशीचा म्हणून वाचतो, आणि तो पाळणारी माणसं शेकडो वर्षं नवगावला, रेवदंड्याला, पनवेलला आपल्या शेजारी तेलाचे घाणे चालवत होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली नाव दिलं. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका लागल्या असं ते स्वतःच्या मुळाबद्दल सांगतात. बाहेरच्या यहुदी लोकांशी संबंध तुटल्यावरही त्यांनी ज्या थोड्या गोष्टी धरून ठेवल्या त्यात हा सण होता, आणि त्याला त्यांच्या मराठीत अनशी ढाकायचा सण म्हणत. अनस म्हणजे एक आंबट पातळ चटणीसारखा पदार्थ, त्याचं भांडं ह्या दिवसांत झाकून ठेवायचं. खमीर हा शब्द नाही, पुस्तक नाही, पण आंबवलेलं बंद ठेवायचं एवढं आठवणीत राहिलं. निर्गमचा बारावा अध्याय कोकणातल्या एका मडक्यावरच्या झाकणात टिकला, हे मला फार मोठं वाटतं.

आता घाईचं. निर्गम १२ मध्ये ३९ व्या ओवीत हे कारण आहेच, मिसरातून हाकलून दिल्यावर पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही म्हणून तशाच भाकरी भाजल्या. पण नीट वाचलं तर खमीर काढून टाकायची आज्ञा त्याच्या आधी, पंधराव्या ओवीतच दिलेली आहे, निघायच्या आधी. म्हणजे नुसती घाई नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ह्याला दुःखाची भाकर म्हटलंय, गुलामीची आठवण म्हणून. आणि मला स्वतःला पटतं ते विरजणावरून पटतं: मिसरातलं जुनं आंबवण बरोबर न्यायचं नाही, साखळी तोडायची आणि नवीन ठिकाणी नव्यानं सुरू करायचं. पौल जुनं खमीर आणि नवा गोळा म्हणतो ते ह्याच अनुभवावरून, कारण सणाच्या आदल्या संध्याकाळी दिवा घेऊन घराचा कोपरा न्‌ कोपरा शोधायची रीत यहुदी घरांत आहे, आणि मात्झा, म्हणजे सणाची बेखमीर भाकर, करताना पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भट्टीत गेली पाहिजे असा नियम धरतात. तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, एका रब्बीची प्रार्थना आहे, त्यात तो म्हणतो की देवा, आम्हाला तुझ्या इच्छेप्रमाणं वागायचंय पण कणकेतलं खमीर आड येतं, म्हणजे मनातली वाईट ओढ.

पण हे सात दिवसांचं आहे, बारा महिन्यांचं नाही! हे लोक विसरतात. वेदीवर जाळायच्या अर्पणात खमीर नको आणि मधही नको असं लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात आहे, मध वाईट असतो असं कोणी म्हणतं का? उपकारस्तुतीच्या अर्पणाबरोबर मात्र खमीर घातलेल्या भाकरी आणायच्या असं सातव्या अध्यायात आहे. आणि तेविसाव्या अध्यायात, वल्हांडणापासून सात आठवडे मोजून जो पन्नासाव्या दिवसाचा सण येतो, त्यात नव्या गव्हाच्या दोन भाकरी खमीर घालून भाजायच्या आणि देवासमोर ओवाळायच्या. म्हणजे बेखमीर भाकरीनं सुरुवात आणि सात आठवड्यांनी फुगलेल्या भाकरी. त्याच सणाच्या दिवशी, प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पवित्र आत्मा उतरला आणि मंडळी जन्माला आली. प्रवचनात हे जोडून सांगितलेलं मी तरी फार कमी ऐकलंय, सांगायला हवं.

प्रश्न: परूशांच्या खमिरापासून सांभाळा असं येशू म्हणतो ते तीन शुभवर्तमानांत तीन प्रकारे आहे. नेमकं कुठलं धरायचं? (वसईच्या एका युवक ग्रुपकडून)

उत्तर: तिन्ही धरा. परूशी म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट. मार्कच्या आठव्या अध्यायातला प्रसंग आधी डोळ्यांसमोर आणा, आपल्याला तो सोपा जाईल. होडी पाण्यात आहे, शिष्य जेवण आणायला विसरलेत, अख्ख्या होडीत एकच भाकर. येशू म्हणतो परूशांचं खमीर आणि हेरोदाचं खमीर, सांभाळा. आणि हे लोक एकमेकांत कुजबुजायला लागतात की भाकरी आणल्या नाहीत म्हणून बोलतोय. येशू तेव्हा चिडतोच थोडा, पाच भाकरी मोडल्या तेव्हा किती टोपल्या उरल्या, बारा, सात मोडल्या तेव्हा किती, सात, अजून कळत नाही का तुम्हाला?

मार्कमध्ये परूशी आणि हेरोद, म्हणजे एकीकडे धर्माचा ताठा आणि दुसरीकडे सत्ता, त्याच हेरोदानं दोन अध्याय आधी जेवणावळीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आणवलंय. मत्तयमध्ये परूशी आणि सदूकी (देवळातल्या याजकांचा गट), आणि तिथे शेवटी स्पष्ट लिहिलंय की खमीर म्हणजे त्यांची शिकवण. लूकमध्ये बाराव्या अध्यायात एका शब्दात, ढोंग. आणि लूक लगेच पुढे म्हणतो की झाकलेलं असं काही नाही जे उघड होणार नाही. ढोंगाला खमीर का म्हटलं ते तिथे कळतं. पहिल्या दिवशी थोडंसं असतं, कोणाला दिसत नाही, आपल्याला स्वतःलाही नाही.

एक गोष्ट मात्र ग्रुपमध्ये आवर्जून बोला. परूशी हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि त्यातून यहुदी लोकांबद्दलच मनात काहीबाही बसतं. निकदेम परूशी होता. प्रेषितांना सोडून द्या म्हणून सभेत उभा राहणारा गमलियेल परूशी होता. पौल स्वतः परूशी. आणि लूकच्या ज्या तेराव्या अध्यायात बाईच्या खमिराचा दाखला आहे, त्याच अध्यायात पुढे काही परूशीच येऊन येशूला सावध करतात की इथून निघ, हेरोद तुला मारायला बघतोय. आजच्या कोणा शेजाऱ्याच्या जातीधर्माकडे बोट दाखवून खमिराचा हा इशारा वाचायचा नाही, तो शिष्यांना होता, होडीतल्यांना.

प्रश्न: मालवणातून लिहितोय. आमच्या चर्चमध्ये ओस्ती, म्हणजे मिस्साच्या उपासनेत देतात ती भाकर, पातळ, बेखमीर. माझी बायको केरळची, तिच्या माहेरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये फुगलेली भाकर देतात. बरोबर कोणाचं? आणि आपण भात खाणारे लोक, तांदळाची ओस्ती का नाही चालत?

उत्तर: दोघांचंही बरोबर. आपली लॅटिन परंपरा पहिल्या तीन शुभवर्तमानांकडे बघते, तिथे शेवटचं भोजन हे वल्हांडणाचं भोजन आहे, मग भाकर बेखमीरच असणार. योहानात मात्र येशू मरतो तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, सण अजून लागलेला नाही. पूर्वेकडच्या बहुतेक चर्चेसमध्ये भाकर फुगलेली असते कारण ते म्हणतात पुनरुत्थान झालेल्या ख्रिस्ताची भाकर जिवंत पाहिजे, वर आलेली पाहिजे. ह्यावरून १०५३-५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल ह्यांच्यात केवढं भांडण झालं, एकमेकांना बहिष्कृत करण्यापर्यंत गेलं, कारणं इतरही होती पण भाकरीचा वाद त्यात पुढे होता. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत मान्य झालं की दोन्ही भाकरी चालतात, प्रत्येकानं आपापली रीत पाळावी.

बायकोला आणखी एक सांगा, तिला कदाचित माहीतही असेल. त्रिशूरला खाल्दी सीरियन चर्च आहे, ते पूर्वेच्या असिरियन चर्चचं. त्या परंपरेत मल्का म्हणून पवित्र खमीर असतं, मल्का म्हणजे राजा. शेवटच्या भोजनाच्या भाकरीतला तुकडा योहान प्रेषितानं जपून ठेवला आणि त्यातून हे खमीर आलं अशी त्यांची श्रद्धा आहे. दरवर्षी आज्ञा गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, उरलेल्या जुन्यात नवं पीठ, मीठ, तेल मिसळून ते वाढवतात आणि मिस्साच्या प्रत्येक भाकरीत त्यातलं चिमूटभर जातं. कालचं आजच्यात, आजचं उद्यात. विरजण कसं जपावं ते त्यांच्याकडून शिकावं.

तांदळाचं विचाराल तर कॅथलिक नियमात भाकर गव्हाचीच, आणि ताजी केलेली. येशूनं घेतली ती भाकर गव्हाची होती असं धरून. मला भात प्रिय आहे, पण ह्यात माझी काही तक्रार नाही.

प्रश्न: आमच्याकडे अजून म्हणतात की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून लोक बाटवले. आजोबांना शाळेत त्यावरून चिडवायचे. पाव खमिराचा असतो, तर ह्याचा बायबलच्या खमिराशी काही संबंध आहे का? (पालघर जिल्हा)

उत्तर: थेट संबंध नाही, पण प्रश्न चांगला आहे. पाव हा शब्द पोर्तुगीज, वस्तूही त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर रुळली. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून होती, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, म्हणजे दोनशे वर्षं. विहिरीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, हिंदू घरांतही ऐकलीय आणि आमच्याही. तिच्यात एक कल्पना आहे, की थोडंसं काहीतरी पाण्यात पडलं आणि पिणारं अख्खं गाव बदललं, मनात असो वा नसो. आणि मग त्या गावाला परत घेणारा कोणी नाही, वाळीत टाकणारे आपलेच. दुःख त्यात आहे.

येशूला ही कल्पना मान्य नव्हती. मत्तयच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्यानं विटाळतो. आणि पुढच्याच अध्यायात खमिरापासून सांभाळा म्हणतो. दोन्ही लागोपाठ वाचा. खाण्यापिण्याला तो घाबरत नाहीय, त्याची काळजी मनात शिरून तिथे वाढणाऱ्या गोष्टीची आहे. पाण्यातल्या पावानं कोणाचा विश्वास बदलत नाही, आणि चिडवून तर मुळीच बदलत नाही. आजोबा आता असते तर मी त्यांना हेच म्हटलं असतं.

प्रश्न: आज्ञा गुरुवारी घरी मुलांसोबत बेखमीर भाकर मोडायची आहे. मैद्याची करू का? मात्झा ऑनलाइन मिळतात पण महाग आहेत.

उत्तर: कशाला मागवताय! धर्मशिक्षणाच्या वर्गात बेखमीर भाकर शब्द आला की आपली मुलं गोंधळतात, विचारतात की भाकरीत खमीर असतंच कुठे. बरोबर विचारतात. आपली रोजची तांदळाची भाकरी बेखमीरच असते, पाव हा आपल्याकडचा पाहुणा. मराठी बायबलनं ब्रेडला भाकर म्हटलं आणि प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आली, त्यामुळे आपल्याला ती आपलीच वाटते. (घरच्या प्रार्थनेपुरतं बोलतेय, मिस्साचं वर सांगितलं.)

दोन वाट्या तांदळाचं पीठ घ्या. दोन वाट्या पाणी चांगलं उकळा, चिमूटभर मीठ, गॅस बारीक करून पीठ घाला, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून झाकण ठेवून वाफ काढा. गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा, मुलांच्या हातात एकेक गोळा द्या, त्यांना थापू द्या, वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा, मग थेट आचेवर. तिथे ती टम्म फुगेल आणि एखादं पोर नक्की विचारेल की ही तर फुगली, मग बेखमीर कशी. त्याला सांगा की ती आतल्या वाफेनं फुगली, आणि खाली उतरवल्यावर थांबून बघायला लावा, हळूहळू परत बसते.